पडद्यामागच्या अठ्ठावन्न पाट्या

पडद्याच्या पलीकडून हसू आलं आणि ते माझ्या बायकोचं होतं. माझ्या आजूबाजूला दीडएकशे पुरुष बसले होते, पलीकडे साधारण तितक्याच बायका असतील, आणि त्या सगळ्या एकदम हसल्या होत्या. तरी त्यात हिचं हसू मला वेगळं ऐकू आलं. आधी श्वास आत ओढल्याचा बारीक आवाज, मग लागोपाठ तीन ठसके. लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ते मी ऐकलं होतं, तेही माझ्या धाकट्या बहिणीशी बोलताना. माझ्या बोलण्यावर कधीच नाही. आणि तेव्हा आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

तिला हसवणारा आवाज माझ्या थोरल्या साडूंचा होता.

आता बोलपट निघाले आहेत, असं औरंगाबादेहून येणारे लोक सांगतात. त्या वेळी चित्रं मुकी होती. कपिलधारची जत्रा उलगली की एक तंबूवाला बीडला यायचा आणि बिंदुसरेच्या काठच्या माळावर चार दिवस एकाच चित्राचा खेळ करायचा. रोज दिवेलागणीला खेळ सुरू. पडदा तंबूच्या मधोमध बांधलेला. पुरुष अलीकडे, यंत्राच्या बाजूला; बायका पलीकडे. खेळाआधी एक माणूस नदीचं पाणी आणून पडदा वरपासून खालपर्यंत भिजवायचा, म्हणजे चित्र कापडातून आरपार उमटायचं. त्यामुळे बायकांनाही चित्र दिसे आणि गोषाही राहत असे. अडचण एकच होती. चित्राच्या मधेमधे कोण काय बोलला हे सांगणाऱ्या उर्दू अक्षरांच्या पाट्या येत, त्या पलीकडून उलट्या दिसत. सुलट असत्या तरी बायकांपैकी वाचणाऱ्या किती होत्या म्हणा, पण सांगायला एखादा माणूस ठेवावा तर त्याला आधी उलटं वाचता यायला हवं.

आमच्या साडूंना ते येत होतं. ते औरंगाबादेच्या एका शिळाछापखान्यात कामाला होते. दगडावर अक्षर उलटं असतं, कागदावर उतरलं की सुलट होतं. दगडावरची चूक दगडावरच दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. पंधरा वर्षं त्यांनी उलटंच वाचलं होतं. तंबू लागला त्या दिवशी ते सहज बघायला गेले, पडद्यामागे उभे राहून सरावाच्या चित्राच्या पाट्या घडाघडा वाचू लागले, आणि तंबूवाल्यानं त्यांचे हातच धरले. बायकांच्या बाजूला, पडद्याच्या खांबाशी न्हाणीएवढा तट्ट्यांचा आडोसा करून दिला. आत उभं राहिलं की पडदा दिसे, बायका दिसत नसत. बायकांनाही आतला माणूस दिसत नसे. फक्त आवाज जाई.

आम्ही दोघंही जावई त्या आठवड्यात बीडला सासरवाडीत होतो. मेव्हण्याच्या मुलाचं जावळ होतं. माझं गाव तिथून साडेतीन कोसांवर, बत्तीस एकर कोरडवाहू. ज्वारी पोटऱ्यात आलेली सोडून मी आलो होतो. साडू वयानं माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, आणि त्यांची बायको, जिला मी आक्का म्हणतो, ती हिची थोरली बहीण. म्हणजे नात्यानं ही त्यांची मेव्हणी. मेव्हणीची थट्टा करणं हा थोरल्या जावयाचा मानच समजतात आमच्याकडे. त्यानं चारचौघांत काहीही बोलावं, तिनं हसावं, सासूनं पदराआड हसावं, आणि धाकट्या जावयानं पानाला चुना लावत बसावं. यात तक्रारीला जागा नाही. तक्रार केली तर लोक तुमच्याकडेच बघतील.

मला मत्सर वाटत होता, असं मी त्या वेळी म्हटलं नसतं. मी म्हटलं असतं की साडू चुकीचं सांगतात. आणि ते खरंही होतं.

चित्र असं होतं. चार प्रवासी मोटारीतून निघाले आहेत. एक जाडा शेठ, त्याचा काटकुळा नोकर, एक पैलवान आणि एक नवरदेव, जो आपल्याच लग्नाला चालला आहे. मोटार वाळवंटात रुतते. चालत चालत ते एका गावाला येतात. गावाला वेस एकच. कोणत्याही गल्लीनं गेलं तरी माणूस फिरून त्याच वेशीशी येतो, आणि वेशीवरचा म्हातारा पहारेकरी दर वेळी त्यांना नव्यानं मुजरा करतो. गावात कुणाची सावली पडत नाही. चौकात दगडाचा एक हात आहे, तो वाट दाखवतो. एका रांजणात बघितलं की लांबची माणसं दिसतात. नवरदेवाला त्यात वाट पाहणारी नवरी दिसते. एक सांडणी आहे, ती तेवढी सगळं समजून असल्यासारखी तोंड हलवते. शेवटी नवरदेव वेशीतून पाठमोरा, उलट्या पावलांनी चालत जातो आणि गाव त्याला सोडतं.

माझं शिक्षण सरकारी मदरशात, उर्दूत झालेलं. मी माझ्या रांगेतल्या सात-आठ जणांना पाट्या वाचून दाखवत होतो, अक्षर न गाळता, आणि लगेच मराठीही करत होतो. पहारेकऱ्याची पाटी आली: ‘परदेशी पाहुण्यांनो, आमच्या गावी येणारे तुम्ही पहिलेच.’ मी ती तशीच सांगितली. शेजारचा म्हातारा म्हणाला, “हां.”

पलीकडून साडूंचा आवाज आला: “या, या पाव्हणं! आवो कुठं निघाला? हे बीड हाय. आत यायला येशी लई, भाईर जायाला एक बी न्हाई!”

आणि पलीकडे हसू.

शेठच्या पाटीवर एवढंच होतं की ‘मला तहान लागली आहे.’ साडू म्हणाले, “सासरवाडीला गेलतो तवा बी इतकं ताटकळलो न्हवतो. कुनी हाय का घरात? जावई आलाय, तांब्याभर पानी तरी दाखवा!” पलीकडे सासूबाई बसलेल्या. तिथं मला हिचं हसू पहिल्यांदा ऐकू आलं. चित्र संपेपर्यंत ते मी अकरा वेळा ऐकलं. आमच्या बाजूचे पुरुषसुद्धा पुढे पुढे माझं ऐकेनात. कान पलीकडे लावून हसू लागले. शेजारचा म्हातारा मला म्हणाला, “तुमी जरा गप बसता का? त्यो काय म्हंतोय ते ऐकू द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर भाकरी खाताना मी ठरवून विषय काढला. ही वाढत होती, आक्का लसूण सोलत होती. मी चित्र पहिल्यापासून नीट क्रमानं सांगू लागलो. मला वाटलं, चित्रच गमतीचं आहे. बरोबर सांगितलं तर हसू येईलच. चौकातल्या दगडी हातापर्यंत आलो.

“तो हात उजवीकडं दाखवतो,” मी म्हणालो, “आणि नोकर उजव्या गल्लीत शिरतो.”

“डाव्या,” ही म्हणाली.

“उजव्या. मी पुढून तिसऱ्या रांगेत होतो.”

“आन् मी काय झोपले होते? डावाच हात हाय त्यो. डाव्याच गल्लीत गेला.”

“तुला कोण म्हणालं?”

“कोन कशाला म्हनंल? डोळ्यानं बघितलं. आन् दाजी बी म्हनले की, ‘बघा, डावी वाट धरली, आता ह्याचं काय खरं न्हाई.’”

साडू खांबाला टेकून बसले होते. ते मान हलवून म्हणाले, “डावाच, साडभाऊ. तुमी सरकारी शिकलेले, तुमाला डावंउजवं कावून कळंना?” आक्का सोडून सगळे हसले. ही तर ताट हातात घेऊन आतच पळाली, हसू आवरायला.

दोघं एकच खोटं सांगतात, हे मला फार लागलं. खरं म्हणजे पाट्या पलीकडून उलट्या दिसतात हे मला पक्कं ठाऊक होतं. पण अक्षरं उलटी तर माणसं आणि वाटाही उलट्या, एवढा पुढचा साधा हिशेब मी केला नाही. चौपन्नाला सहानं भागायला मला कधी कागद लागला नाही, पण हे सुचलं नाही. मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

आक्का परसात हात धुवायला आली तेव्हा मला एवढंच म्हणाली, “तुमी मनावर घेऊ नका. घरी आठ-आठ दिस दोन शबूद बोलत न्हाईत आमच्याशी. ही सगळी भाईरची कमाई.” हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मला वाटलं, घरी न बोलणारा माणूस माझ्या बायकोसाठी मात्र शब्द साठवून ठेवतो.

त्या संध्याकाळी मी पुन्हा गेलो. ही पण गेली. बहिणीबरोबर जाणारच, मी कशाला अडवू? मी मात्र चित्र बघायला गेलो नव्हतो. मी पाट्या पाठ करायला गेलो होतो. का, ते मला नीट सांगता येत नाही. माझ्याकडे बरोबर काय ते असावं, एवढंच डोक्यात होतं. एकूण अठ्ठावन्न पाट्या निघाल्या. चित्राची रिळं सहा. पहिल्या तिन्हीत मिळून अठ्ठावीस, चौथ्यात तेरा, पाचव्यात नऊ, सहाव्यात आठ. रीळ बदलताना थोडा वेळ अंधार होई, तेवढ्यात मी झालेल्या पाट्या मनात उजळत असे. घरी येऊन माडीवर दिवा घेऊन सगळ्या मराठीत लिहून काढल्या आणि झोपण्याआधी दोनदा म्हणून पाहिल्या. एकही सुटली नाही.

हिचं हसू त्या दिवशी सतरा वेळा.

तिसऱ्या दिवशी साडूंचा घसा बसला. दोन दिवस तंबूभर ओरडणं, त्यात जावळाच्या जेवणावर त्यांनी थंडगार ताक तीन वाट्या प्यायलं होतं, मी समोरच होतो. दुपारी तंबूवाला स्वतः दारात आला. जाडजूड माणूस, बोलताना दोन्ही हात जोडायचा. साडूंनी तोंड उघडलं तर नुसती फूं. ते खुणेनंच नाही म्हणाले.

तंबूवाला कपाळाला हात लावून बसला. “बायकांची बाजू आज भरलेली असणार, शेठ. तिकडं कुणी सांगणारा नसला तर त्या उठून जातील.”

“मी सांगतो,” मी म्हणालो.

साडूंनी कसंबसं कुजबुजत विचारलं, “उलटं वाचता येतं?”

“वाचायची गरज नाही. पाठ आहे मला. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. चित्र थांबून पाटी आली की एक म्हणायची, पुढची आली की पुढची.”

आतल्या दारात ही उभी होती. तिनं एकच शब्द उच्चारला, “तुमी?”

तो शब्द मी आजही विसरलो नाही. त्यात चेष्टा नव्हती. नुसता अचंबा होता, जसा घरातलं जातं आपणहून फिरायला लागलं तर वाटेल. मी तेव्हाच ठरवलं, आज ही हसली पाहिजे. माझ्या तोंडून, बरोबर सांगितलेल्या चित्राला.

आडोशात उभा राहिलो आणि पडद्यावर पहिलं चित्र आलं. मोटार भलत्या बाजूनं येत होती. दोन दिवस मी ती डावीकडून येताना पाहिली होती. मग चौक आला, दगडी हात आला, आणि तो डावीकडे बोट दाखवत होता. नोकर डाव्या गल्लीत गेला. म्हणजे ही खरं सांगत होती. मी ओसरीवर भाकरी टाकून उठलो ते माझ्याच चुकीवर. पण विचार करायला वेळ नव्हता, पाट्या येत होत्या. मी एक, दोन, तीन अशा म्हणत गेलो. मोठ्यानं, स्पष्ट. पहिल्या तीन रिळांच्या अठ्ठावीस पाट्या मी एकही अक्षर न चुकता म्हटल्या.

तट्ट्याच्या पलीकडे कुणी हसलं नाही. एकदाही नाही. लेकरं कुरकुरत होती, बांगड्या वाजत होत्या. एक बाई म्हणाली, “कालचा गडी कुठं गेला गं?” दुसरी म्हणाली, “आज पोथी लावलीया वाटतं.” तिसरं रीळ संपून अंधार झाला तेव्हा मी ऐकत राहिलो, हिचा आवाज येतो का. नाही आला. नवऱ्याची शोभा होते आहे म्हणून ती मान खाली घालून बसली असणार, असं मला वाटलं.

यंत्रावरच्या माणसानं पुढचं रीळ लावलं. कसं झालं ते मला मागाहून कळलं: त्यानं चौथ्याच्या जागी पाचवं लावलं होतं. चौथ्यात सगळी गावातली सांडणी, तिचा मालक आणि ती विकत घेऊ बघणारा शेठ. पाचव्यात रांजणात दिसणारी नवरी आणि तिचा बाप. मी पाठ केलेलं क्रमानं. एकोणतिसावी पाटी माझ्या ओठांवर तयार होती. पडद्यावर नवरी दिसली, शालू नेसून खिडकीत रडणारी, मग अक्षरं आली, आणि मी म्हणालो:

“तीन दिवस झाले, हिच्या पोटात चारा नाही.”

मग कुणीतरी फस्सकन हसलं. मला वाटलं, लेकरानं काही केलं असेल. बाप आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. पुढची पाटी. तिसावी.

“आधी हिचे दात बघा, मगच सौदा करा.”

आता हसू सगळीकडून आलं. मला अजून कळलं नव्हतं. पडद्याकडे मी बघत होतो, पण लक्ष माझं आकड्यांवर होतं. एकतीस: “रात्री लाथा झाडते, खुंट्याला पक्की बांधा.” त्याच वेळी पडद्यावर नवऱ्या मुलीच्या मावशीनं तिच्या गळ्यात हार घातला. आणि त्या कल्लोळात मला तो आवाज ऐकू आला. आत ओढलेला श्वास आणि तीन ठसके. मग परत तीन. मग श्वास घ्यायला थांबून परत.

तिथं मला समजलं. पण समजून करू काय? रिळं कुठं चुकली आहेत आणि पुन्हा कुठं जुळणार आहेत, हे मला माहीत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं मला उलटी वाचता येत नव्हती. मनानं बनवून सांगणं मला येत नाही, आणि गप्प बसलो असतो तर तंबूवाल्याला दिलेला शब्द गेला असता. माझ्याकडे खात्रीचं असं एकच होतं, ते म्हणजे क्रम. मी क्रमानं म्हणत गेलो. नवरीवर सांडणीच्या नऊ पाट्या झाल्या. मग त्या माणसानं राहिलेलं चौथं रीळ लावलं. आधी माझ्या तोंडी सांडणीच्याच उरलेल्या चार पाट्या आल्या, त्या अर्ध्यामुर्ध्या बसल्या, आणि पुढे मालक सांडणीची वेसण धरून उभा असताना मी म्हणालो:

“अशी लाजू नकोस, मान वर कर. माझ्या लेकीसारखी दुसरी या मुलखात नाही.”

सांडणीनं तोंड वर करून ओठ लोंबवले. माझ्यामागे बायका एकमेकींच्या अंगावर पडत असाव्यात, कारण तट्ट्याला दोनदा धक्का बसला. सगळ्या मिळून बावीस पाट्या भलत्या चित्रावर गेल्या. सहाव्या रिळाला सगळं जुळलं. शेवटच्या आठ पाट्या जिथल्या तिथं बसल्या आणि हसू थांबलं.

नवल असं की पुरुषांच्या बाजूला रिळांची अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. चित्रातल्या त्या गावात माणसं तशीही फिरून फिरून त्याच वेशीशी येत होती. लोकांना वाटलं, ही त्या गावचीच करणी.

घरी येताना बायका पुढे, मी मागे. ही मधेच थांबायची, पदर तोंडाला लावायची, परत चालायची. सासूबाईंच्या दारापाशी मी तिला गाठून हळूच म्हटलं, “किती हसलीस.”

“मग? कुनाला आवरलं असतं?”

“मी चुकलो तिथं.”

“हां. ते कळलं की.” तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे पुसून पुसून लाल झाले होते. “पर तुमी थांबला न्हाईत. असं लाथा झाडते म्हनालात, अगदी पटवारी दप्तर वाचतो तसं.” आणि परत तिला ठसका लागला, तशीच आत गेली.

त्या रात्री मला चांगली झोप लागली. हे मी लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या सकाळी ते सगळं माझ्या हातून गेलं.

साडूंचा घसा काढ्यानं सुटला होता. आदल्या संध्याकाळी ते घरीच होते, गळ्याला फडकं गुंडाळून. त्यांनी तंबूतलं काहीच पाहिलं नव्हतं, सगळं आक्काकडून ऐकलेलं. तरी जावळाला थांबलेले दहा-बारा पाहुणे ओसरीवर चहाला जमल्याबरोबर ते उभे राहिले, पोट आत घेतलं, मान ताठ केली आणि माझा आवाज काढला. आवाज हुबेहूब निघाला, हे कबूल करायला हवं. “तीन दिवस झाले, हिच्या पोटात चारा नाही!” लोक लोळायला लागले. मेव्हणा तर चहा सांडून बसला. साडूंनी मग स्वतःची भर घालायला सुरुवात केली. मी म्हटलेलं नव्हतं तेही माझ्या तोंडी घातलं. नवरी हंबरली म्हणाले. सांडणीला कुंकू लावलं म्हणाले. मी भिंतीला टेकून बघत होतो. आयुष्यात एकदा मी माझ्या बायकोला हसवलं होतं, ते चुकूनच, आणि आता ते हसवणंही साडूंनी उचलून नेलं होतं. यापुढे ती आठवण निघाली की साडूंच्याच तोंडून निघणार, हे मला स्पष्ट दिसलं.

ही आतल्या दारात बसून सुपारी कातरत होती. तीही हसत होती. मी तिच्याकडेच बघत होतो, म्हणून मला दिसलं, की ती हसायची थांबली.

“न्हाई दाजी,” ती म्हणाली, “तसं न्हाई झालं.”

“अगं, गमतीत गं,” साडू म्हणाले.

“कुंकवाचं काय न्हवतंच. आधी चाऱ्याचं झालं. मग दाताचं. मग मावशीनं हार घातला तवा लाथा झाडते म्हनले. तुमी लाथा दाताच्या आधी घेतल्या, त्यानं मज्जाच जाते.” अडकित्ता तिच्या हातातच होता. ती सांगत गेली, एकेक, न हसता, जशा झाल्या तशा. तिला अर्ध्याहून जास्त पाट्या पाठ होत्या. एके ठिकाणी अडली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, “त्याच्या म्होरं काय होतं हो?”

“‘हिला वाळूत लोळू द्या, मग शांत होते,’” मी म्हणालो. “बत्तिसावी.”

“हां, बत्तिसावी,” ती लोकांना म्हणाली, जणू सगळ्यांना तो आकडा माहीत असायला हवा. ओसरीवर असा हशा झाला की साडू खाली बसले. त्यांनी पानाचा डबा ओढला आणि बराच वेळ पान जुळवत राहिले.

आम्ही दुपारी बैलगाडीनं निघालो. साडेतीन कोस. पहिला कोस सरला. मग गाव दिसेनासं झालं, रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि मला मोह झाला. मी बैलांकडे बघत, तोच आवाज काढून म्हणालो, “रात्री लाथा झाडते, खुंट्याला पक्की बांधा.”

मागे काही आवाज झाला नाही. मी वळून पाहिलं. ती गाठोड्याला टेकून लांब ज्वारीकडे बघत होती.

“आता न्हाई येत हसू,” ती म्हणाली. “आता तुमी मला हसवाया बघताय.”

साडूही हसवायलाच बघायचे आणि ती हसायची. हे मी तिला म्हणालो नाही.